पिवळ्या डब्यातली काडतुसं

दापोडी
१८ ऑगस्ट १९७४

रंगराव यांस,

खुशाली वगैरे राहू द्या. हे पत्र हातात पडल्यावर आधी एक काम करा. माजघरातल्या फळीवर डालड्याचा पिवळा डबा आहे, त्यातलं एकही काडतूस वापरू नका. डबा खाली काढा, झाकण दोरीने आवळा आणि कुणाच्या हाती लागणार नाही असा ठेवा. मग पुढचं वाचा.

गेल्या दिवाळीत आपण कॅम्पातल्या म्हाताऱ्या शेठकडून रिकाम्या पितळी पुंगळ्या आणल्या होत्या. निम्म्या मी भरून दिल्या, त्या तुमच्या डब्यात आहेत. निम्म्या माझ्याकडे तशाच पडून होत्या. आज सुट्टी, हाताला काही काम हवं म्हणून त्या घासायला घेतल्या. एक पुसताना बोटाला खरखर लागली. भिंग लावलं तर बुडाच्या जरा वर, सबंध वेढा घातलेली, केसासारखी चीर. पकडीत धरून थोडी पिळली आणि बूड निघून हातात आलं. दुसरी चांगली निघाली. तिसरी पुन्हा तशीच. पितळ फार जुनं होऊन कडक झालंय. भरताना मी एकेक उजेडात धरून पाहिली होती, पण चीर आतून सुरू होते, बाहेर दिसेपर्यंत वेळ लागतो. भरलेल्या मालात अशा किती आहेत आणि कुठल्या, ते आता सांगता येणार नाही.

अशी पुंगळी नळीत फुटली की पुढं जायचा जाळ मागं येतो. मागं तुमचा गाल असतो आणि उजवा डोळा.

तांबड्या पिशवीतली काडतुसं दुसऱ्या मालाची आहेत, ती बिनधास्त वापरा. बटाट्यात डुकरं उतरायचे दिवस आलेत म्हणून घाईने लिहितोय. पत्र मिळाल्याचं एक कार्ड टाका. दुसरं काही लिहायची गरज नाही. शिमग्याला तुमच्या घरी जे झालं त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

भि. ओव्हाळ


दापोडी
२७ ऑगस्ट १९७४

रंगराव यांस,

कार्ड आलं नाही. पहिलं पत्र गहाळ झालं असेल असं धरून हे रजिस्टरने पाठवतोय. पुन्हा तेच सांगतो: पिवळ्या डब्यातलं काडतूस वापरू नका. चिरा आहेत. डोळा जाईल.

रायफल तुमच्या आजोबांची, परवाना तुमच्या नावावर, पीक तुमचं. माझा काही हक्क नाही, मला ठाऊक आहे. पण माळ्यावरून काढली तेव्हा ती रायफल नव्हती, गंजलेली काठी होती. दस्ता दोन तुकडे झालेला, आतली कमान मोडलेली, घोडा जाम. दोन वर्षं रविवारचे रविवार तुमच्या ओसरीवर बसून मी ती उभी केली. शिसवीचा नवा दस्ता तासला. तिच्या मापाची विलायती काडतुसं यायची बंद झाली म्हणून जुन्या पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरायला शिकलो. टोपी, दारू, वर शिशाची गोळी. शिसं वितळवायला गिरजाची कढई घेतली तेव्हा तिने आठ दिवस अबोला धरला होता. सांगायचं एवढंच, की त्या रायफलीने कुणाचं वाईट झालं तर ते माझ्या हातून झाल्यासारखं मला लागेल.

आपल्या कंपनीत तू ज्याच्याजवळ उभा राहून काम करायचास त्या मिलिंग मशीनवर मी आहे अजून. काल एक चांगला डाय माझ्या हातून वाया गेला. मारुतराव फोरमन म्हणाले, "ओव्हाळ, लक्ष कुठंय?" मी म्हटलं, झोप झाली नाही. खोटं नव्हतं.

गिरजा म्हणाली, "पत्रं काय लिहीत बसलाय? चाकणला एस.टी. जात न्हाई का?"

मी तिला सांगितलं, त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही म्हणून मी शपथ घेतलीय. ती म्हणाली, "शपथ तुमची, डोळा त्यांचा."

वर मी "तू" लिहिलंय. खोडत नाही. कार्ड टाका.

भि. ओव्हाळ


दापोडी
५ सप्टेंबर १९७४

रंगराव,

रजिस्टरची पोच आली. त्यावर सही नाही, अंगठा आहे. म्हणजे पत्र तुझ्या चिमाबाई आत्यांनी घेतलं. त्यांनी ते तुला दिलं की कुठं खोचून ठेवलं, मला कसं कळणार? वाढताना मी हा अंगठा किती वेळा पाहिला असेल. अंगठ्यावरून काही वाचता येत नाही.

आता लिहितोच. शिमग्याचं.

पहिल्यांदा तुझ्या वाडीला निघालो तेव्हा एस.टी.त तू सहज म्हणालास, "भिवा, वाडीत तुझं आडनाव मोरे सांगू या. सोपं जाईल." मी हसलो. मला रायफल पाहायची होती, तुझ्या तोंडून तिचं वर्णन ऐकून ऐकून मी वेडा झालो होतो. मोरे तर मोरे. दोन वर्षं मी मोरे होतो. आत्या "मोऱ्या, च्या घे" म्हणायच्या आणि मी मान वर करायचो.

शिमग्याला पुरणपोळी होती. मी तुझ्या शेजारी पंगतीत. आत्या वाढत होत्या. तेवढ्यात कोंडाजी आला. कंपनीच्या गेटवर वीस वर्षं वॉचमन होता तो, कुणाचं कार्ड कुठल्या नावाचं हे त्याला पाठ. दारातच थांबला आणि म्हणाला, "ह्यो तर दापोडीचा ओव्हाळ. ह्यो हितं कसा?"

पंगत थांबली. तेव्हा तू बोलायचं होतंस. तू बोललासही. तू म्हणालास, "न्हाई कोंडाजीभाऊ, तुमचं कायतरी चुकतंय. मोरेच हाय ह्यो. आईशपथ." आणि हसलास. माझ्याकडे पाहून हसलास, मी पण हसावं म्हणून.

आत्यांनी ताटावरून मला हाकललं असतं तर मी एवढा तळमळलो नसतो, रंगा. असली माणसं मी पाहिलीत, त्यांचं काय करायचं ते मला येतं. पण तू माझ्या देखत मला पुसून टाकलंस, आणि वर आईची शपथ घेतलीस. पानातली पोळी मी संपवली. उठलो, हात धुतले आणि चालत चाकणला आलो. रायफलीच्या घोड्याची पिन अर्धी घासून ठेवली होती, ती तशीच राहिली.

हे लिहायचं नव्हतं. डब्याचं लिहायचं होतं. डबा बाजूला ठेवलास का?

भिवा


दापोडी
१० सप्टेंबर १९७४

रंग्या,

मेलास का जिता आहेस?

एक गोष्ट लपवली होती. दुसरं पत्र टाकलं त्याच दिवशी मी कासारवाडीला नाशिक फाट्यावर गेलो होतो. चाकणची गाडी आली. कंडक्टर म्हणाला, "चढा लवकर." मी एक पाय पायरीवर ठेवला आणि काढला. काल पुन्हा गेलो, पुन्हा तेच. कंडक्टरही तोच होता. म्हणाला, "काय राव, गाडी बघायला येता का?"

घरात बसवत नाही, बाहेर फिरवत नाही. जेवताना भांडं पडलं तरी दचकतो. आज पेपरात कुठल्याशा गावात बंदूक फुटून एक जण जखमी अशी बातमी होती. गाव दुसरंच होतं. तरी तीनदा वाचली.

तू मुद्दाम उत्तर देत नाहीस असं मला वाटायला लागलंय. की मी डबा परत मिळवायला, येण्याजाण्याचं निमित्त काढायला हे रचलंय असं तुला वाटतं? तसं असेल तर माझ्याजवळच्या फुटक्या पुंगळ्या पार्सल करतो. बघ स्वतःच्या डोळ्याने, आहे तोवर.

येत्या रविवारपर्यंत कार्ड आलं नाही तर मी येणार. शपथ गेली खड्ड्यात.

भिवा


दापोडी
१६ सप्टेंबर १९७४

रंगा,

काल तू मला वावरातून ओरडत येताना पाहिलंस. त्याआधी तुझ्या दारात काय झालं ते तुला कुणी सांगितलं असेल-नसेल, म्हणून मी सांगतो. आज कामावर गेलो नाही. पाय सुजलेत.

वाडीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्या ओट्यावर घेवडा सोलत बसल्या होत्या. त्यांना आता लांबचं दिसत नाही वाटतं.

"कोन हाय?"

"मी. रंगरावांकडं आलोय."

"मोऱ्या का?"

एवढं सोपं होतं बघ. "हो" म्हटलं असतं की डबा मिळाला असता, चहाही मिळाला असता. मी म्हटलं, "मोरे नाही, आत्याबाई. भिवा ओव्हाळ. दापोडीचा. शिमग्याला इथंच जेवलो होतो."

त्यांचे हात थांबले. "म्हंजी कोंडाजी बोलला त्ये खरं हाय."

"खरं आहे."

"मंग आता कशापायी आलास?"

मी सांगितलं. पिवळा डबा, आतली काडतुसं, चिरा, रंगाचा डोळा. त्यांनी घेवडा बाजूला ठेवला. उठल्या, आत गेल्या. डबा घेऊन आल्या. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी डबा ओट्याच्या कडेला ठेवला आणि दोन पावलं मागं सरकल्या.

रंगा, ही तीच बाई, जिने दोन वर्षं मला हाताने वाढलं. माझे हात तसेच हवेत राहिले. पण मला अपमान वाटून घ्यायला वेळ मिळाला नाही, कारण डबा उचलला आणि तो हलका लागला.

"यातली कुणी काढलीत?"

"रंगानंच. दुपारच्याला. चार दिस झालं डुकरांनी वावर उकरून ठिवलंय."

"कुठं बसलाय तो?"

"टेकाडाखालच्या बटाट्यात, राखणीच्या माळ्यावर." मी डबा धरून उभाच होतो. तशा त्या ओरडल्या, "आरं पळ की मंग! हुबा काय ऱ्हायलास! त्यो रस्ता नगं, आमच्या परड्यातनं जा, जवळ पडतंय! घरातनं जा!"

डबा काखेत मारून मी तुझ्या घरातून पळालो. माजघरातून, चुलीपुढून, चपला घालून. आत्या मागून "पळ, पळ" म्हणत होत्या. त्यांनी हे तुला सांगितलं का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

पुढचं तू पाहिलंस. ओल्या वावरात मी दोनदा पडलो. माळ्यावर तू दिसलास, दस्ता खांद्याला, गाल टेकलेला. आठ-दहा डुकरांचा कळप पलीकडच्या सरीत होता. मी जीव खाऊन ओरडलो, "रंगा, घोडा दाबू नको! दाबू नको!" डुकरं उधळली आणि अर्धा बांध तुडवून गेली.

तू खाली उतरलास तो मला मारायलाच, असं वाटलं. "चार दिवस राखण करतोय! आज समोर आली होती!"

मी तुझ्या हातून रायफल घेतली, उघडली, काडतूस काढलं. बुडाजवळ नखाने चाचपलं. मग तुझं बोट धरून त्याच जागेवरून फिरवलं. तुझं बोट तिथं थांबलं तेव्हा तुझा चेहरा कसा झाला ते तुला दिसलं नाही. मला दिसलं.

मी विचारलं, "पत्रं मिळाली नाहीत?"

"मिळाली."

"वाचलीस?"

"सगळी. परत परत वाचली."

"मग हे नळीत कसं?"

तू म्हणालास, "तांबड्या पिशवीतली संपली. वावर चाललं होतं. आणि भिवा, तू भरलेलं काडतूस फुटेल, हे मनाला पटेचना."

कुणी माझ्या हाताची एवढी तारीफ केली नव्हती, आणि कुणी माझा शब्द एवढा हलका केला नव्हता. दोन्ही एका वाक्यात.

मग मी उत्तराचं विचारलं. तू पायाने ढेकूळ फोडत राहिलास. म्हणालास, "लिहिलं होतं. दोनदा लिहिलं. पाकिटावर तुझं नाव घालायचं होतं. वाडीचं टपाल आता कोंडाजीच्या दुकानातनं जातं. तुझं पत्र माझ्याकडं येतं त्यावर नाव माझं असतं, पण माझ्या हातानं 'ओव्हाळ' लिहिलं की आईशपथ खोटी पडली."

मी म्हटलं, "डोळा घालवायला तयार होतास, नाव लिहायला नाही."

तू खाली बसलास. मीही बसलो, पाय चालत नव्हते. मग डब्यातली आणि तुझ्याजवळची काडतुसं पडक्या विहिरीत टाकली ती तू तुझ्या हाताने, एकेक करून. शेवटचं टाकताना म्हणालास, "मी सांगीन वाडीत." मी म्हटलं, सांग नाहीतर सांगू नको. ते मी रागाने म्हटलं नव्हतं. मला त्या वेळी फक्त घरी जायचं होतं. चाकणहून कांद्याच्या ट्रकने नाशिक फाट्यापर्यंत आलो.

गिरजाने दार उघडलं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "डोळा?"

म्हटलं, "आहे."

मग ती पाणी तापवायला गेली.

भिवा


दापोडी
६ ऑक्टोबर १९७४

रंगा, जयभीम.

इतकी वर्षं तुला नमस्कार घातला. मला सवयीचं आहे ते आजपासून घालीन, तुला सवयीचं आहे ते तू घाल.

तुझं कार्ड मिळालं. पाकीट न वापरता उघडं कार्ड टाकलंस हे बरं केलंस. पत्ता ठसठशीत आहे. आमच्या पोस्टमनने गल्लीच्या तोंडापासून वाचत आणलं, त्यामुळे तू कोंडाजीच्या दुकानात चार माणसांसमोर "शिमग्याला मी खोटं बोललो" म्हणालास हे माझ्याआधी माझ्या आईला कळलं. कोंडाजी नुसता हसला आणि विडी पेटवली, असं लिहिलंयस. तो तसाच आहे. गेटवरही असंच करायचा.

आत्या तुझ्याशी बोलत नाहीत, स्वतःचं वेगळं शिजवून घेतात, हेही वाचलं. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं, की आता तुलाही कळेल ओट्याच्या कडेला ठेवलेला डबा कसा असतो. मग त्याचीही लाज वाटली. तीन आठवडे झाले, पण मन एका जागी ठरत नाही. कामावर हात चालतात, बाकीचा मी तुझ्या वावरात पळत असतो.

"पुढच्या रविवारपासून पहिल्यासारखा येत जा" म्हणतोस. पहिल्यासारखा येणार नाही. पहिल्यासारखा मोरे यायचा.

माझं म्हणणं ऐक. आत्यांना तू काही समजावू नकोस, त्यांच्या पाया पडू नकोस, माझी चांगली बाजू मांडू नकोस. मी येईन तेव्हा ओव्हाळ म्हणून येईन. त्यांना मला घरात जेवायला घालायचं तर घालतील. बाहेर वाढायचं तर बाहेर वाढतील, आणि मग मी ते खायचं की उठून जायचं हे ठरवीन. ते मी ठरवायचं असतं, रंगा. तू माझी सोय पाहिलीस, माझ्यावर उपकार केलेस असं तुला दोन वर्षं वाटलं. पण तू माझ्या वाट्याचं ठरवणंच काढून घेतलं होतंस. मला राग आला होता तो त्याचा. शिमग्याला मला तो शब्दांत सांगता येत नव्हता, एवढी पत्रं लिहिल्यावर आता येतोय.

आणि त्या संध्याकाळी "घरातनं जा" म्हणाल्या, तेही मी विसरलेलो नाही. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आता रायफलीचं. मला कॅम्पातल्या शेठने नव्या पितळाच्या पुंगळ्या दाखवल्यात, आपल्या मापाच्या नाहीत, पण कापून, निमुळत्या करून बसतील असं वाटतं. त्यासाठी साचा लागेल. मारुतराव म्हणाले, काम सुटल्यावर मशीन वापर. कालपासून कागदावर आकृत्या काढतोय. घोड्याची पिनही अर्धवट आहे, तिच्यामुळे मला स्वस्थता नाही. डुकरं पुन्हा येणार, आणि तुझ्या हातात नुसती काठी आहे.

तेव्हा आधी तू ये. येत्या रविवारी, सकाळी. परवाना खिशात ठेव, रायफल गोणपाटात नीट गुंडाळून आण. नाशिक फाट्याला उतरून दापोडीपर्यंत बस मिळेल. गिरजा कोंबडी करणार आहे, कढई तिने नवी घेतलीय, तिच्याकडे नुसतं बघायचंही नाही असं बजावलंय. आई तुला विचारेल, कुठला, कुणाचा, काय करतोस. सगळं सांग. आमच्या ताटात जेवायचं की नुसता चहा घेऊन उठायचं, ते तू ठरव. मी आग्रह करणार नाही आणि वाईटही वाटून घेणार नाही. वाईट वाटेल, पण ते माझं मी बघेन.

घर शोधायला त्रास होणार नाही. रेल्वे फाटकाजवळ पानाच्या गादीवर विचार. तिथं चार-पाच ओव्हाळ राहतात, म्हणून नुसतं आडनाव सांगून भागणार नाही. भिवा ओव्हाळ, असं पुरं विचार. मोठ्याने विचार, गादीवाला बहिरा आहे.

भिवा